एक शर्यत, दोन सुवर्णपदकं आणि अँथनी अर्विन

पाणकावळा

मागच्या रविवारी लेकीच्या स्पर्धेला गेलो होतो. मुलींची ५० मीटर फ्रीस्टाइल. शेवटच्या पाच मीटरला आमची कन्या आणि पलीकडच्या लेनमधली एक शिडशिडीत पोरगी खांद्याला खांदा. दोघींचे हात भिंतीवर एकदमच आपटले. घड्याळवाल्या काकांनी एकमेकांच्या घड्याळात डोकावून पाहिलं, कागदावर काहीतरी खरडलं, खोडलं, आणि शेवटी जाहीर झालं की दोघी पहिल्या. टाळ्या झाल्या. मग लक्षात आलं की डब्यात सोनेरी पदक एकच आहे. संयोजकांनी ते त्या पोरीच्या गळ्यात घातलं आणि आम्हाला म्हणाले, "तुमचं घरी पाठवून देतो."

रिक्षात लेक फुरंगटून बसली होती. तिची समजूत काढायला म्हणून सिडनीची गोष्ट सांगायला घेतली आणि घर आलं तरी ती संपेना. तीच इथे टंकतोय.

सप्टेंबर २०००, सिडनी ऑलिंपिक. पुरुषांची ५० मीटर फ्रीस्टाइल. पाण्यातली सगळ्यात छोटी शर्यत. उडी मारायची आणि समोरची भिंत गाठायची, बस्स. वळण नाही, दम राखणं नाही, चूक सुधारायला जागा नाही. बरेच जण आख्ख्या शर्यतीत एखादाच श्वास घेतात, काही तर तोही नाही. पाण्यात एकीकडे रशियाचा पोपोव, १९९२ आणि १९९६ चा विजेता, ज्याने तीनच महिन्यांपूर्वी २१.६४ चा विश्वविक्रम केला होता. दुसरीकडे नेदरलँड्सचा व्हॅन डेन हूगेनबांड, त्याच आठवड्यात १०० आणि २०० मीटर जिंकून आलेला. आणि दोन अमेरिकन: गॅरी हॉल ज्युनियर, पंचविशीतला, अटलांटाची पदकं गाठीशी असलेला. आणि अँथनी अर्विन, १९ वर्षांचं पोर. दोघंही फिनिक्समध्ये माइक बॉटम या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, रोज एकाच पाण्यात सराव करणारे.

दोघांनी भिंत गाठली आणि फलकावर दोघांच्या नावापुढे १ लागला. वेळ २१.९८ आणि २१.९८. हूगेनबांड २२.०३, तिसरा. पोपोव सहावा. एकाच शर्यतीची दोन सुवर्णपदकं, रौप्य कुणालाच नाही.

इथवर ऐकून लेक म्हणाली, "त्यांच्याकडे डब्यात दोन होती ना." मुद्दा बिनतोड होता.

पण मला सांगायचं होतं ते पुढचं. २००१ मध्ये फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत अर्विनने ५० आणि १०० मीटर, दोन्ही जिंकल्या. १०० मध्ये तर हूगेनबांडला मागे टाकून. आता हा दहा वर्षं राज्य करणार असं वाटत असताना २००३ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, गडी पोहणं सोडून चालता झाला. दुखापत नाही, भांडण नाही. मन उडालं होतं, नैराश्य होतं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली आणि त्यानंतर याने सिडनीचं सुवर्णपदक ईबेवर लिलावाला काढलं. १७,१०१ डॉलर आले. सगळे युनिसेफच्या मदतकार्याला.

मग न्यूयॉर्क. अंगभर गोंदण, बँडमध्ये गिटार, हातात पैसा नाही. पोटापाण्यासाठी ब्रुकलिनमध्ये लहान मुलांना पोहायला शिकवायची नोकरी. चार-पाच वर्षांच्या, पाण्यात तोंड घालायला घाबरणाऱ्या मुलांना. तिथे त्याला पाणी पुन्हा आवडायला लागलं असं तो सांगतो. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात परतला, अर्धवट टाकलेली इंग्रजी साहित्याची पदवी पुरी केली, २०११ मध्ये पुन्हा स्पर्धेचा सराव सुरू केला. २०१२ च्या निवड चाचणीत दुसरा, २१.६०. लंडनला पाचवा, २१.७८. सगळ्यांना वाटलं, छान झालं, गोष्ट पूर्ण झाली.

१२ ऑगस्ट २०१६, रिओ. वय ३५. अर्विन २१.४०. फ्रान्सचा मानोदू, लंडनचा विजेता, २१.४१. नेथन एड्रियन २१.४९. सोळा वर्षांनी तीच शर्यत, या वेळी सुवर्ण एकट्याचं, आणि तेही एका शतांश सेकंदाने. जलतरणात वैयक्तिक सुवर्ण जिंकणारा तो सर्वांत वयस्क खेळाडू ठरला.

प्रश्न एवढाच: तुमच्या मते यातलं मोठं पदक कुठलं?

---

रानजाई

रुमाल टाकून ठेवतेय. कुकर लागलाय, रात्री सविस्तर.

---

शिट्टीवाले काका

पाणकावळासाहेब, तुमच्या त्या खोडाखोड करणाऱ्या घड्याळवाल्यांत मी नव्हतो, पण असू शकलो असतो. वीस वर्षं तलावाच्या काठावर उभं राहून पँटचे पाय भिजवतोय. आमच्याकडे एका लेनला तीन घड्याळं असतात. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. आणि अंगठा तो अंगठाच, दोन-तीन दशांशाचा फरक सहज पडतो. त्यामुळे हातघड्याळावर दोघी पहिल्या, याचा अर्थ "आम्हाला कळलं नाही" एवढाच घ्यायचा.

सिडनीत तसं नव्हतं. तिथे टचपॅड असतो, भिंतीवर लावलेला पातळ पत्रा म्हणा. हाताने दाबला की वेळ थांबते. यंत्राला सहस्रांशही मोजता येतात, पण नियम मोजू देत नाही.

कारण म्युनिक १९७२. पुरुषांची ४०० मीटर मेडले, म्हणजे चारही शैलींत पोहायची शर्यत. स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी, दोघंही ४:३१.९८. आधी बरोबरी दिसली, मग काही मिनिटांनी सहस्रांश बघितले गेले: ४:३१.९८१ आणि ४:३१.९८३. दोन सहस्रांशांवर लार्सनला सुवर्ण, मॅकीला रौप्य. त्यावर इतका गदारोळ झाला की जलतरणात सहस्रांशच बंद करून टाकले. शतांशापर्यंत सारखे असाल तर सारखेच. तो नियम नसता तर सिडनीत अर्विन किंवा हॉल, एकाला रौप्य घेऊन घरी जावं लागलं असतं.

---

टवाळ टोळ

पण यंत्र मोजू शकतंय तर मोजा की! सायकलवाले मोजतात, स्केटिंगवाले मोजतात. यांचं काय अडलंय?

---

मोजपट्टी

टोळभाऊ, अडलंय गवंड्यापाशी.

पेशाने स्थापत्य अभियंता आहे, म्हणून राहवत नाही. २१.९८ सेकंदात ५० मीटर म्हणजे सेकंदाला साधारण २.२७ मीटर. सहस्रांश सेकंदात माणूस दोन मिलिमीटरच्या जरा वर सरकतो. आता काँक्रीटचा ५० मीटर लांब हौद बांधा, त्याला फरशा लावा, त्यात हजारो घनमीटर पाणी भरा, आणि मला सांगा की आठही लेनची लांबी दोन मिलिमीटरच्या आत सारखी आहे. माझी सही त्या कागदावर मिळणार नाही. नियमातच प्रत्येक लेनला तीनेक सेंटिमीटर जास्त लांबीची सूट होती. सायकलवाल्यांचं तसं नाही, सगळे एकाच रेषेवरून जातात. पोहताना प्रत्येकाची भिंत वेगळी.

---

टवाळ टोळ

थांबा थांबा. तीन सेंटिमीटर? मग शतांश सेकंदात किती सरकतो? २.३ सेंटिमीटर ना? म्हणजे रिओचा तुमचा तो एका शतांशाचा विजय गवंड्याच्या सुटीच्या आतच बसतो की!

---

मोजपट्टी

हो, बसतो. हिशोब बरोबर आहे, टोळभाऊ, आज तुम्ही मनावर घेतलेलं दिसतंय.

बचावात एवढंच म्हणेन की ऑलिंपिकचे हौद सुटीच्या टोकापर्यंत जाऊन बांधलेले नसतात, मोजणी कडक असते. पण तत्त्व म्हणून तुमचं म्हणणं खोडता येत नाही. दशांशावर थांबलो तर निम्म्या शर्यती बरोबरीत सुटतील. कुठेतरी रेघ मारायची, ती शतांशावर मारली.

---

रानजाई

आले. कुकरच्या तीन शिट्ट्यांत इथे भूमिती सुरू झालेली दिसतेय.

मला पदकापेक्षा त्याचं सोडून जाणं जवळचं वाटलं. पौगंडावस्थेत त्याला टूरेट सिंड्रोमचं निदान झालं होतं. म्हणजे चेहऱ्याच्या, डोळ्यांच्या, मानेच्या हालचाली आपल्या ताब्यात नसणं. त्या वयात, आरशापुढे तासन्‌तास उभं राहायच्या वयात. पाण्यात तोंड घातलं की कुणी बघत नाही. आणि ती आतली खदखद जर २२ सेकंदांत ओतता आली तर तिचा वेग होतो. असं त्यानेही सांगितलंय, शब्द माझे.

माझ्या भाच्याला हा त्रास आहे. वर्गात पोरं नकला करतात. त्याला हा धागा वाचून दाखवणार आहे. निदान बर्कलीपर्यंतचा भाग तरी, गोंदणाचा भाग गाळून. नाहीतर वहिनी मला घरात घेणार नाही.

---

बंड्या बे एरियावाला

अर्विन बर्कलीला ज्या तलावात सराव करायचा त्याच्या शेजारून बरेचदा जाणं होतं, म्हणून चार ओळी. तलाव उघड्यावर आहे. थंडीत सकाळी पाण्यावरून वाफ निघत असते आणि त्या वाफेत नुसते हात वरखाली होताना दिसतात, माणसं दिसत नाहीत. हिवाळ्यात पहाटे त्या पाण्यात उतरणं हे विशीतही कठीण. तिशीत, आठ वर्षांनी परत येऊन, शेजारच्या लेनमध्ये आपल्याहून दहा वर्षांनी लहान पोरं असताना उतरायचं म्हणजे कमाल आहे.

त्या शेजारच्या लेनमध्ये कोण होता तर नेथन एड्रियन. वर धाग्यात रिओचा तिसरा म्हणून नाव आलंय तोच. २०१२ च्या निवड चाचणीत ५० मीटरला कलन जोन्स पहिला, अर्विन दुसरा आणि एड्रियन तिसरा आला. एका देशाचे दोनच जाऊ शकतात, त्यामुळे एड्रियनचा लंडनचा ५० मीटरचा पत्ता अर्विननेच कापला. बिचाऱ्याने लंडनला १०० मीटर जिंकली, तीही एकाच शतांशाने, ४७.५२ विरुद्ध ४७.५३. शतांशाचं काय घेऊन बसलात!

---

हेमलता_चेन्नई

२००४ साली आम्ही चेन्नईत होतो. रविवार होता, मिस्टर सकाळी मरीनावर फिरायला जायचे, त्या दिवशी पाहुणे आले म्हणून गेले नाहीत. पुढचा महिनाभर आमच्या सोसायटीच्या वाहनतळात चादरी, भांडी, तांदळाची पोती साठत होती. नागपट्टिणमला ट्रक जायचे.

त्या चादरींवर कुणाची नावं नव्हती. म्हणून जरा परखड लिहिते, राग मानू नका. पदक विकलं हे चांगलंच केलं, पण ज्याला ती वस्तू नकोशीच झाली होती त्याने ती दिली, यात त्याग किती? तेव्हाच्या भावाने साडेसात लाखांच्या आसपास रुपये. कमी नाहीत. पण लेख वाचताना वाटतं जणू त्याने हृदय काढून दिलं.

---

पाणकावळा

हेमलताताई, राग कसला. तुमचा मुद्दा मलाही डाचत होता आणि मी तो सोयीस्करपणे गाळला. पदक त्याला ओझं वाटत होतं हे खरंच. कुठेतरी नुसतं पडून असायचं. पण ओझं झालेली वस्तू माळ्यावर टाकणारे आपण सगळे, विकून पैसे पाठवणारे किती? माझ्या कपाटात सासऱ्यांनी दिलेलं सोन्याचं कडं आहे. आवडत नाही, घालत नाही, आणि विकणार तर मुळीच नाही.

---

रानजाई

सासरे इथे वाचत नाहीत असं गृहीत धरलंय का?

---

पाणकावळा

प्रकाटाआ (प्रतिक्रिया काढून टाकण्यात आली आहे)

---

वाचनवेडा विन्या

एक गोष्ट कुणीच काढली नाही. अर्विनचे वडील आफ्रिकी-अमेरिकन आणि मूळनिवासी वंशाचे, आई ज्यू. सिडनीला निघाला तेव्हा अमेरिकेच्या ऑलिंपिक जलतरण संघात जागा मिळवणारा आफ्रिकी वंशाचा पहिला खेळाडू म्हणून बातम्या झाल्या. आणि हा १९ वर्षांचा, गोरा दिसणारा, कॅलिफोर्नियातल्या उपनगरात वाढलेला मुलगा गांगरला. ज्या अनुभवाबद्दल सगळे विचारत होते तो त्याने घेतलाच नव्हता.

अमेरिकेत पोहणं आणि रंग यांचा इतिहास कडवट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कितीतरी सार्वजनिक तलावांत काळ्यांना मज्जाव होता. जिथे कायद्याने दार उघडलं तिथे काही गावांनी तलाव बुजवून टाकले, पण एकत्र पोहले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या पाणीच मिळालं नाही, तर पोहणारे कुठून येणार? आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. महाडचं तळं आपल्याच इतिहासात आहे, आणि तिथे तर प्रश्न पोहण्याचाही नव्हता, पिण्याचा होता. त्या सगळ्याचं ओझं एका गोंधळलेल्या पोराच्या खांद्यावर ठेवलं गेलं. न्यूयॉर्कला पळून जाण्यात याचाही वाटा असावा असं मला वाटतं.

रिओतच सिमोन मॅन्युएलने १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली. वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी पहिली आफ्रिकी-अमेरिकन महिला जलतरणपटू. आणि तीही बरोबरीत! ती आणि कॅनडाची पेनी ओलेक्सियाक, दोघी ५२.७०.

---

शिट्टीवाले काका

विन्या, मॅन्युएलची चांगली आठवण काढलीस. अशी बरोबरी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली ती १९८४ ला, लॉस एंजेलिस, महिलांची १०० मीटर. नॅन्सी हॉगशेड आणि कॅरी स्टाइनसायफर, दोघी ५५.९२. म्हणजे म्युनिकनंतरच्या नियमाची पहिली फळं.

आता पाणकावळासाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या मते रिओ. सिडनीच्या वेळी उडी मारायचा ठोकळा जवळपास सपाट होता. पुढे मागच्या पायाला टेकू देणारी तिरकी फळी आली, तिने उडीच बदलली. हा पठ्ठ्या बाहेर असताना ती आली. त्याच दरम्यान, २००८-०९ ला, ते रबरासारखे पोहण्याचे पोशाख आले, विक्रमांचा पाऊस पडला, ब्राझीलच्या सिएलोने २०.९१ केलं, पोशाखांवर बंदी आली. हे सगळं नाट्य होऊन पडदा पडल्यावर अर्विन परत आला! नवीन ठोकळ्यावर नवीन उडी शिकला आणि स्वतःच्याच सिडनीच्या वेळेपेक्षा ०.५८ ने वेगात पोहला. त्याच शर्यतीत १९ वर्षांचा अर्विन ३५ वर्षांच्या अर्विनच्या जवळजवळ दीड मीटर मागे राहिला असता.

---

टवाळ टोळ

१.३२ मीटर. मोजपट्टीच्या आधी मीच सांगून टाकतो.

---

मोजपट्टी

बरोबर.

---

मोजपट्टी

पण माझं मत सिडनीला. कारण म्युनिकचा मुद्दा वाचल्यावर सहज त्या शर्यतीचा निकाल शोधला. लार्सन, मॅकी, हर्गिताय, फर्निस, आणि पाचवा कोण? गॅरी हॉल. म्हणजे सीनियर, आपल्या सिडनीवाल्या गॅरीचे तीर्थरूप! ज्या शर्यतीमुळे सहस्रांश बंद झाले त्याच पाण्यात बाप पोहत होता, आणि २८ वर्षांनी त्या नियमामुळे पोराच्या गळ्यात सुवर्ण पडलं. काका, तुम्हाला माहीत होतं?

---

शिट्टीवाले काका

नव्हतं. दंडवत.

---

बंड्या बे एरियावाला

गॅरी ज्युनियरचा विषय निघालाच आहे तर. १९९९ मध्ये त्याला टाइप १ मधुमेह निघाला, म्हणजे सिडनीच्या वर्षभर आधी. इन्सुलिन टोचत सुवर्ण जिंकला, आणि २००४ ला अथेन्समध्ये पुन्हा तीच शर्यत, २१.९३, या वेळी एकट्याने. सगळी मिळून दहा ऑलिंपिक पदकं.

जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसला आग लागली ना, पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये, त्यात त्याचं घर गेलं. कुत्र्याला आणि हाताला लागलं तेवढं घेऊन बाहेर पडला. दहाही पदकं आत राहिली.

---

रानजाई

म्हणजे सिडनीच्या त्या एका शर्यतीची दोन सुवर्णपदकं. एक पाण्यासाठी विकलं गेलं आणि एक आगीत गेलं.

अंगावर काटा आला.

---

बंड्या बे एरियावाला

हो, ते असं एका ओळीत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पुढे मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने लोझानला बोलावून त्याला दहाही पदकांच्या प्रतिकृती दिल्या.

---

हेमलता_चेन्नई

वाचतेय. माझं आधीचं म्हणणं मी मागे घेत नाही, पण ते ब्रुकलिनच्या मुलांचं मला परत परत आठवतंय. माझ्या नातीला पोहायला घातलं तेव्हा शिकवणारा मुलगा पाण्यात कमरेइतका उभा राहून "ताई, बुडबुडे काढ, मोठे बुडबुडे काढ" म्हणत होता. तासभर नुसते बुडबुडे. काल तिला आणायला गेले तर त्या मुलाकडे मी जरा निरखून बघितलं.

---

टवाळ टोळ

गोंदण होतं का?

---

हेमलता_चेन्नई

मनगटावर छोटा गणपती.

---

पाणकावळा

सगळ्यांचे आभार. म्युनिकच्या बापलेकांची गोष्ट लेकीला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "म्हणजे त्या काकांना हरवलेली पदकं चार-पाच महिन्यांत परत मिळाली?"

आज संयोजकांना तिसरा फोन केला. पदक छापायला टाकलंय म्हणतात.